गोडायव्हाच्या गावातून चांदबिबीची बाजू

माझी भाची ओवी नगरला चौथीत आहे आणि गॅदरिंगच्या फॅन्सी ड्रेसला तिला चांदबिबी व्हायचं होतं. वहिनीने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. हिरवा झगा, नाकापर्यंत ओढलेली ओढणी, हातात पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून केलेली तलवार, आणि पोरीचा आविर्भाव असा की मोगल सोडा, गल्लीतली कुत्रीसुद्धा पळावीत. मी बदाम पाठवले. थोड्याच वेळात बाळकाकांचा मेसेज आला, "छान. पण चांदबिबीच का? आपल्यात जिजाऊ आहेत, अहिल्यादेवी आहेत. ही कोण आपली?" त्यावर धडाधड अंगठे. मग कोणीतरी एक लांबच लांब फॉरवर्ड टाकला, जो मी वाचला नाही, पण कोणत्या प्रकारचा असणार ते तुम्हालाही माहितीये.

मी उत्तर लिहिलं. जरा मोठंच लिहिलं, हिवाळ्यात इथे इंग्लंडात चारला अंधार पडतो, माणूस करणार काय. की काका, ती नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी, नगरचा किल्ला तिने लढवला, त्याच किल्ल्यात ती मेली, नगरच्या पोरीने चांदबिबी व्हायचं नाही तर काय जपानच्या पोरीने व्हायचं का. यावर संदीपचं, म्हणजे चुलतभावाचं, उत्तर, "ताई, तुझ्या गावात भर चौकात नागड्या बाईचा पुतळा आहे. तू आम्हाला इतिहास नको शिकवू." पुढे हसून हसून रडणाऱ्या इमोजींची माळ आणि पुरावा म्हणून स्वतःचाच फोटो, ऑनसाइटला आला होता तेव्हा आमच्याकडे राहून, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन, ब्रॉडगेटला, म्हणजे त्या चौकात, जाऊन पुतळ्याखाली काढलेला.

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, ते इथे उतरवते.

तर पुतळा आहे, नाही कशाला म्हणू. आम्ही कोव्हेंट्रीत राहतो आणि शहराच्या मध्यभागी घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा आहे, ब्राँझची, अंगावर कपडा नाही, मान खाली, लांब केस. सर विल्यम रीड डिक यांनी घडवलेली, १९४९ च्या ऑक्टोबरात तिचं अनावरण झालं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मनांनी हे शहर बाँबनी भाजून काढलं होतं, जुनं कॅथीड्रल गेलं, बाजारपेठ गेली, आणि नऊ वर्षांनी नव्या आखलेल्या चौकात मधोमध उभी राहिली ती हीच बाई. आता तिच्या चौथऱ्यापाशी पोरं ग्रेग्जचे सॉसेज रोल खात बसतात, प्रायमार्कच्या पिशव्या टेकवतात, कबुतरं जे करायचं ते करतात. जवळच एक घड्याळ आहे, तासाला दार उघडतं, छोटी गोडायव्हा घोड्यावरून बाहेर येते आणि वरच्या खिडकीतून एक माणूस डोकावून बघतो. माझी लेक लहान असताना ते बघायला आम्ही पावसात ताटकळलोय. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, मला सुरुवातीला वाटलं, मग मलाही वाटेनासं झालं.

पण संदीप म्हणतो ती "नागडी बाई" कोण होती हे त्याला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर या गावातल्या निम्म्या लोकांनाही माहीत नाही. माझ्या टीममध्ये एकजण आहे, कोव्हेंट्रीतच जन्मलेला, आजोबांपासून सगळे गाड्यांच्या फॅक्टरीतले, त्याला मी एकदा लंचला विचारलं की गोडायव्हाने केलं काय होतं, तर म्हणाला, घोड्यावर बसली, टॅक्स कमी केला, मग चॉकलेट काढलं. चॉकलेटवाली कंपनी बेल्जियमची हो, ब्रुसेल्सला १९२६ मध्ये सुरू झालेली, तिचा या बाईशी संबंध नावापुरता.

बाई अकराव्या शतकातली. तिच्या काळातलं नाव गॉडगिफू. नवरा लिओफ्रिक, मर्सियाचा अर्ल, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्याचा मालकच म्हणा, राजाच्या खालोखाल जे दोनतीन जण होते त्यातला एक. १०४३ मध्ये दोघांनी कोव्हेंट्रीत बेनेडिक्टाइन मठ काढला आणि गाव खऱ्या अर्थाने मठाभोवती वाढलं. त्या काळाबद्दल लिहिणारे साधू सांगतात की तिने आपलं सोनंनाणं सोनारांकडे देऊन क्रूस, मूर्ती, ग्रंथांची वेष्टनं करून घेतली, आणि माम्सबरीचा विल्यम म्हणतो की त्या चर्चमध्ये सोनं-चांदी इतकी होती की भिंतींना ती पेलवेना. नुसतं कोव्हेंट्रीच नाही, वूस्टर, ईव्हशॅम, लिंकनशरमधलं स्टो, वेनलॉक, लेम्स्टर, सगळीकडे या जोडप्याच्या देणग्या आहेत. आणि हाच विल्यम एक गोष्ट सांगतो जी मला फार आवडते. तिच्याकडे रत्नं ओवलेली एक दोरी होती, प्रार्थना म्हणताना एकेक मणी बोटाने पुढे सरकवायची म्हणजे मोजणी चुकायची नाही, आणि मरताना तिने ती मठातल्या मेरीच्या मूर्तीच्या गळ्यात घालायला सांगितली. म्हणजे जपमाळच की! इंग्लंडातल्या जपमाळेच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी हा एक. माझी आजी तुळशीची माळ गोमुखीत हात घालून ओढायची, तिला ही बाई दोन मिनिटांत कळली असती. बाळकाकांना हे सांगितलं तर म्हणाले "अच्छा", बस्स.

आता मुद्द्याची गोष्ट. लिओफ्रिक १०५७ मध्ये गेला. त्यानंतर मुलगा अर्ल झाला, एल्फगार, जो दोनदा देशाबाहेर हाकलला गेला आणि दोनदा परत आला. एल्फगारची मुलगी, म्हणजे गोडायव्हाची नात, आधी वेल्सच्या राजाला दिली होती, तो मारला गेला, मग तिचं लग्न हॅरॉल्डशी झालं, तोच हॅरॉल्ड जो ऑक्टोबर १०६६ ला हेस्टिंग्जच्या लढाईत पडला. म्हणजे नात इंग्लंडची राणी, महिने मोजून. दोन नातू, एडविन आणि मॉर्कार, नॉर्मन राजाविरुद्ध उठले आणि संपले. या सगळ्या धुमश्चक्रीत ही म्हातारी कुठेय? तर जमिनीवर. नॉर्मन राजाने १०८६ मध्ये अख्ख्या देशाच्या जमिनीची जी मोजदाद केली, डूम्सडे बुक, त्यात तिचं नाव आहे. तोवर ती गेलेली होती पण आधीची मालक म्हणून नोंद तिची, काउंटेस गोडायव्हा, आणि तेही नवऱ्याची बायको म्हणून नाही, स्वतःच्या नावाने, कित्येक गावं. इतक्या जमिनीच्या मालकीणबाई त्या नोंदीत हाताच्या बोटांवर मोजाव्या. आणि त्या गावांमध्ये कोव्हेंट्रीही आहे!

हे नीट लक्षात घ्या. कोव्हेंट्री तिचंच होतं. गोष्ट अशी की गावावर नवऱ्याने जबर कर बसवला, हिने विनवण्या केल्या, तो वैतागून म्हणाला तू विवस्त्र होऊन बाजारातून घोड्यावरून जा मग कमी करतो, ही केस मोकळे सोडून खरंच गेली. आता गाव हिचं, कर हिच्या खजिन्यात जाणार, तर ही कोणाला विनवतेय? आणि बाजार कुठला? डूम्सडेमध्ये कोव्हेंट्रीत ५० शेतकरी, १२ अल्पभूधारक, ७ गुलाम आणि ३ शिलिंग उत्पन्नाची एक गिरणी आहे. आमच्या आजोळची वाडी याहून मोठी होती. ही घोड्यावरची गोष्ट पहिल्यांदा लिहिली वेंडोव्हरच्या रॉजर नावाच्या साधूने, तेराव्या शतकात, म्हणजे बाई गेल्यावर दीडशे वर्षांहून जास्त उलटल्यावर. तिच्या हयातीतला किंवा लगेच नंतरचा एकही माणूस याबद्दल अक्षर बोलत नाही, दानधर्माबद्दल मात्र सगळे बोलतात. तिला खिडकीतून चोरून बघणारा टॉम, घड्याळातला तो माणूस, तर आणखी चारशे वर्षांनी आला, सतराव्या शतकात. १६७८ पासून जत्रेत गोडायव्हाची मिरवणूक निघायला लागली आणि त्या पहिल्या मिरवणुकीत गोडायव्हा झाला होता एक मुलगा, हे कळल्यावर मी एकटीच किचनमध्ये हसले, कारण आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले तर अख्खा महाराष्ट्र लुगडं कसं नेसावं ते त्यांच्याकडून शिकला. पुढे व्हिक्टोरियन काळात नट्या अंगासरशा गुलाबी कपड्यांत घोड्यावर बसायला लागल्या आणि पाद्री लोक चिडायला लागले. हो, इथेही चिडले आहेत लोक, अगदीच काही नाही असं नाही. पण गर्दी तर पाद्र्यांपेक्षा जास्तच असायची.

मग मला रागच आला, आणि या वेळी संदीपचा नाही, इथल्यांचा. एवढी मोठी जमीनदारीण, दोन राजांची आजेसासू, मठ बांधणारी, वादळात सगळं घराणं पालापाचोळ्यासारखं उडालं तरी स्वतःच्या नावावर गावं राखून असलेली, आणि तिचं तुम्ही केलं काय? तिचे केस. तिची पाठ. हर्बर्ट म्युझियममध्ये जॉन कोलिअरचं पेंटिंग आहे, लाल झूल घातलेला पांढरा घोडा आणि त्यावर कोवळी पोर, विशीची वाटते. नातू लढायला जाण्याच्या वयाचे होते हो तिचे!

चौकापासून चालत पाच मिनिटांवर प्रायरी आहे, म्हणजे त्या मठाच्या चर्चचे राहिलेले पाये. दिसतं ते बांधकाम तिच्या नंतरचं आहे पण जागा तीच. आठव्या हेन्रीने १५३९ मध्ये मठ बंद केला आणि मग लोकांनी दगड उचलून नेले. लिओफ्रिकला तिथेच पुरलं होतं, तिलाही तिथेच असं बरेचजण मानतात. मी तिथे जाते कधीकधी लंचला डबा घेऊन, शनिवारी सेंटरला आलं तरी, आणि तिथे बहुतेक वेळा एखादा माणूस कुत्रं फिरवत असतो आणि मी, दुसरं कोणी नाही. फोटो काढायला सगळे चौकात.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा संदीपला वाटलं मी त्याच्या बाजूने आले. "तेच म्हणतोय ना मी, त्यांनी त्यांच्या बायकांची काय इज्जत ठेवली बघ." नाही रे बाबा. ते तू म्हणत नव्हतास. आणि इज्जत हा शब्द आला की माझा तोल जातो कारण तो शब्द आला की त्या बाईने काय केलं हा विषयच संपतो.

आता चांदबिबीकडे या. तिचं आपण काय केलंय? नगरच्या पूर्वेला डोंगरावर आठ कोनी तीन मजली इमारत आहे, आमची शाळेची प्रत्येक सहल तिथे, वर जाऊन ओरडायचं आणि भेळ खायची. सगळं नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच नाही, ती सलाबतखानाची कबर आहे, निजामशाहीतल्या एका वजिराची. म्हणजे जी आपली नाही असं काका म्हणतात तिच्या नावाने नगरकरांनी परस्पर दुसऱ्याची कबर करून टाकली, इतकी ती आपली आहे. आणि जो खरंच तिचा आहे तो भुईकोट किल्ला, त्याचं नाव काढलं की लोक सांगतात नेहरूंना १९४२ ते ४५ तिथे ठेवलं होतं. तेही खरंय, पण त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद आणि मोगल सरदार खानखानान फौज घेऊन त्या भिंतीखाली बसले होते. आत दरबारात फाटाफूट, गादीवर कोणी बसायचं यावर चार गट. भिंतीखाली सुरुंग लावले, फेब्रुवारीत एक उडाला आणि तट फुटला. ती तोंडावर पडदा घेऊन, हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली, दिवसभर मोगलांना आत येऊ दिलं नाही आणि रातोरात भिंत पुन्हा बांधून काढली. तोफेचे गोळे संपले तेव्हा तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत घालून उडवली असं सांगतात. ते खरं असो नसो, वऱ्हाड देऊन तिने तह केला आणि नगर वाचवलं हे तर खरंच आहे.

आणि हे काही तिचं पहिलं युद्ध नव्हतं. विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून तिच्याबरोबर गेला होता. १५८० मध्ये नवरा मारला गेला, पुतण्या नऊ वर्षांचा, तर त्याच्या नावाने हिने विजापूर चालवलं, आणि किश्वरखान नावाच्या वजिराने डोळ्यात सलायला लागली म्हणून तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. अजिंक्यताऱ्यावर! आम्ही साताऱ्याला मावशीकडे सुट्टीला जायचो, तो किल्ला चढलोय मी कितीदा, हे कोणी सांगितलं नाही. शेवटी १६०० मध्ये मोगल परत आले तेव्हा आता टिकाव लागणार नाही, बोलणी करून लहान सुलतानाला सुखरूप बाहेर काढू असं तिच्या मनात आलं, तर आतल्याच लोकांनी ओरड केली की बाई फितूर झाली, आणि स्वतःच्याच माणसांनी महालात घुसून तिला कापलं. मग ऑगस्टमध्ये किल्ला पडलाच. नगरमध्ये बाई कोणाची यावरचा वाद नवा नाही काका, तेव्हाही झाला होता.

गंमत बघा मात्र. दोघी सत्ता हाती असलेल्या बायका, पाचशेहून जास्त वर्षांचं अंतर, एक नगरची एक कोव्हेंट्रीची, आणि दोघींची गोष्ट सांगताना लोकांना पहिलं काय आठवतं तर एकीने अंगावर काही घातलं नव्हतं आणि दुसरीने तोंड झाकलं होतं. ओवीच्या फोटोत वहिनीने सगळ्यात जास्त कष्ट ओढणीच्या पिनांवर घेतले होते. सोलापूर, विजापूर, सातारा, वऱ्हाडचा तह, हे पुठ्ठ्याचं करता येत नाही हेही मान्य.

इथे मी अहिल्यादेवींचा मुद्दा काकांना देऊन टाकते, प्रामाणिकपणे. चौंडी आपल्याच जिल्ह्यातलं, आणि त्यांचं नाव निघालं की कोणीही आधी घाट, देवळं, विहिरी, धर्मशाळा, न्यायनिवाडा हेच बोलतं, काशीपासून रामेश्वरापर्यंत बांधलेलं बोलतं. गोडायव्हाचं जे व्हायला हवं होतं ते आपण अहिल्यादेवींचं केलंय. या बाबतीत नगर कोव्हेंट्रीच्या पुढे आहे आणि हे मी ऑफिसात पण सांगितलंय. पण त्यातून चांदबिबी कशी काय वगळली जाते हे मला कळत नाही, एका जिल्ह्याला दोन बायका झेपत नाहीत का?

संदीपने मग ब्रिस्टल काढलं. की २०२० मध्ये तुमच्या त्या ब्रिस्टलला कोल्स्टनचा पुतळा उखडून पाण्यात टाकला तेव्हा कुठे गेली होती तुमची सहनशीलता. तो गुलामांचा व्यापारी होता, तो विषय वेगळा आहे. (आहे वेगळा. मला माहितीये हे वाचून तो म्हणणार, तुझ्या सोयीचं नसलं की विषय वेगळा.) मी एवढंच म्हणतेय की इथे गोडायव्हाच्या नावाने उन्हाळ्यात फेस्टिव्हल होतो, २०१२ मध्ये ऑलिम्पिकच्या वेळी तिची सहा मीटर उंच बाहुली करून सायकलवाल्यांनी पेडल मारत लंडनपर्यंत नेली, बाहुलीने कोट घातला होता बरं का, आणि कोणी कोणाचं डोकं फोडलं नाही. शाळेत मुलांना गोष्टही सांगतात आणि ही गोष्ट खरी नसावी हेही सांगतात, एकाच तासात, आणि मुलांना दोन्ही कळतं. आपल्याकडे दुसरं वाक्य बोललं की बोलणाऱ्याचा पत्ता शोधतात. हे लिहिताना मी जरा फुशारकी मारतेय हे मला जाणवतंय पण खोटं तर नाही ना.

बाळकाका यावर काहीच बोलले नाहीत. रात्री, म्हणजे त्यांच्याकडे पहाट असणार, पर्सनलवर मेसेज आला. "तुझा मुद्दा पोचला. पण तू तिथे बसून बोलतेस. तुझ्या लेकीला विचार चांदबिबी कोण."

हे लागलं. कारण लेकीला गोडायव्हा माहितीये, टॉम माहितीये, ब्लिट्झची, म्हणजे त्या बाँबहल्ल्याची, तारीख पाठ आहे, चांदबिबी माहीत नाही, आणि सांगितली नाही ती मीच. तिला आम्ही दर दोनेक वर्षांनी नगरला नेतो, ती फॅनखाली बसून मोबाइल बघते आणि वायफाय गेलं की विचारते आपण घरी कधी जायचं. आजी म्हणते, अगं हेच घर. ती ओशाळते, मी दुसरीकडे बघते.

आणि हेच काका, दर वेळी तिला मांडीवर घेऊन, आता खांद्यावर हात ठेवून, म्हणतात की कुठेही जन्मलीस तरी तू नगरची. रक्त आहे म्हणून. बरं, रक्तच मोजायचं ठरलं तर त्या काळचा इतिहासकार फिरिश्ता लिहून गेलाय की निजामशाही काढणाऱ्या अहमदशहाचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरातला, धरून नेऊन मुसलमान केलेला. म्हणजे चांदबिबीचे खापरपणजोबा पाथरीचे. मराठवाड्याचं रक्त आहे की काका, घ्या आपल्यात! आणि रक्त नाही, जमीन मोजायची, जिथे लढली जिथे मेली तिथली, तर ती नगरची याबद्दल प्रश्नच मिटला. दोन्ही मापांनी ती आत येते. तिला बाहेर ठेवायचं तर तिसरं माप लागतं आणि ते काका बोलून दाखवत नाहीत, फक्त "आपली" म्हणतात.

हे टाइप केलं आणि पाठवायला जाणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की दुसरं माप लावलं तर माझी लेक सरळसरळ कोव्हेंट्रीची होते. आणि मी? मी तर ना नगरला लढले ना तिथे मरणार. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हापासून पुण्याहून इकडे येणाऱ्यांची रांग लागली, त्या रांगेतली एक मी, दोन वर्षांसाठी म्हणून आले, मग लेकीची शाळा, मग घराचं मॉर्गेज, मग एक दिवस राजाराणीच्या नावाने शपथ घेऊन समोसे खाल्ले आणि निळा पासपोर्ट एका पाकिटात घालून परत केला. नवीन पासपोर्टवर जन्मस्थान अहमदनगर लिहिलंय, त्या नावाचं गाव आता कागदोपत्री नाही. महानगरपालिकेपासून लोकसभेपर्यंत मला तिथे मत नाही. फॅमिली ग्रुपवर मात्र रोज मत आहे, दिवसातून चार वेळा, आणि बहुतेक म्हणूनच इतकं तावातावाने देते मी.

काकांना मी पहिलं माप पाठवलं, पाथरीचं. दुसरं खोडून टाकलं.

त्यांनी अंगठा दिला. बाळकाकांचा अंगठा म्हणजे होकारही असतो आणि "झोप आता" पण असतं.

ओवीचं म्हणाल तर ती चांदबिबीच झाली. वहिनी असल्या वादात पडत नाही, तिने दोन दिवस ग्रुप म्यूट केला आणि पोरीला वाक्यं पाठ करून घेतली. नंबर आला नाही. पहिला नंबर मोबाइल टॉवर झालेल्या एका मुलाला मिळाला, ज्यात बायका, इज्जत, आपले, परके काहीच नसल्यामुळे सगळ्या परीक्षकांचं एकमत झालं असावं.

संदीप जूनमध्ये परत येतोय म्हणतोय, या वेळी बायकोमुलांना घेऊन. ये म्हणलं. आधी प्रायरीला नेणार तुला, तिथे डूम्सडेमधली कोव्हेंट्रीची नोंद मोठ्याने वाचून दाखवणार, मठ कोणी बांधला आणि माळ कोणाच्या गळ्यात घातली तेही ऐकावं लागेल, मगच चौकात फोटोला सोडणार. त्याने विचारलं, आणि खिचडी? खिचडी मिळेल, साबुदाणा फोलशिल रोडला आरामात मिळतो. येताना नगरहून चांदबिबीवरचं लहान मुलांना वाचता येईल असं मराठीतलं काही मिळालं तर घेऊन ये, मोठ्या टाइपातलं, लेकीचं मराठी वाचन अजून अडखळतंय.